एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेनंच थांबवलं: 'घाशीराम'ची केस

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला आणि जेमतेम एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद पडलं. सेन्सॉरनं बंद केलं नाही, कोर्टानं नाही, पोलिसांनी तर नाहीच. ज्या संस्थेनं ते उभं केलं तिनंच ते थांबवलं. मराठी नाटकातली ही केस मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते ती याच कारणासाठी. बाहेरून बंदी आली की काय करायचं ते आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, वकील गाठा, पेपरात पत्र द्या, चार मोठ्या लोकांच्या सह्या घ्या. पण आपल्याच कमिटीनं, ज्यांच्या हाताखाली आपण उभं राहायला शिकलो त्याच माणसांनी, आता पुरे म्हटलं तर काय करायचं? नाट्यशिबिरात मुलांसमोर मी ही केस ठेवतो तेव्हा पहिली दहा मिनिटं सगळे सेन्सॉरबद्दलच बोलतात, कारण घरातूनच थांबवलं गेलं ही गोष्ट पटकन पचतच नाही.

तर आधी माणसं कोण होती ते बघू. संस्था म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, पुण्यात सगळे पीडीए म्हणायचे. प्रमुख भालबा केळकर, ज्यांनी पुण्यात हौशी नाटकाची एक शिस्त बसवली, डॉ. श्रीराम लागूंसारखी माणसंही याच संस्थेतून पुढे आली. नाटक विजय तेंडुलकरांचं. दिग्दर्शक जब्बार पटेल, तेव्हा तरुण डॉक्टर. नाना फडणवीस मोहन आगाशे, तेही डॉक्टर. घाशीराम झाले होते रमेश टिळेकर. संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गळे त्या ताफ्यात होते आणि सतीश आळेकर, जे पुढे स्वतः मोठे नाटककार झाले, तेही याच घोळक्यातले. यातला जवळजवळ कुणीच नाटकावर पोट भरत नव्हता, दिवसा नोकरी किंवा दवाखाना, संध्याकाळी तालीम असा सगळा मामला.

याच टीमनं आधी तेंडुलकरांचं 'अशी पाखरे येती' केलेलं होतं आणि ते गाजलंही होतं, त्यामुळे तेंडुलकर म्हणजे संस्थेला परका लेखक होता, काहीतरी भलतंच घरात घुसलं, असं अजिबात नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय कारण आपण आता मागे वळून बघताना एका बाजूला जुनी सनातनी संस्था आणि दुसऱ्या बाजूला बंडखोर पोरं असं चित्र काढतो, ते खरं नाही. पीडीए नवं नाटक करणारी संस्था होती, नावातच प्रोग्रेसिव्ह होतं.

आता नाटकाकडे येऊ, कारण या केसचं उत्तर माझ्या मते कमिटीच्या मीटिंगमध्ये सापडत नाही, नाटकाच्या घडणीत सापडतं.

'घाशीराम' ज्यांनी स्टेजवर बघितलंय त्यांना पहिलं काय आठवतं विचारा. नाना आठवतो, पण त्याच्याही आधी ती रांग आठवते. बारा ब्राह्मण ओळीनं उभे, गंध, शेंडी, गाणं म्हणत लयीत डोलणारे, कोकणातल्या नमन-खेळ्यांची आठवण करून देणारे. गणपती येतो, सरस्वती येते, लक्ष्मी येते, नमन होतं, सगळं अगदी शुभ चाललेलं असतं. आणि मग ही रांग हलायला लागते. पाठ फिरवली की भिंत. भिंतीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, फक्त कळतं. पुन्हा तोंड फिरवलं की पुण्याचे नागरिक. बाजूला सरकले की दरवाजा उघडला, जवळ आले की बंद झाला. नेपथ्य म्हणून दुसरं काही लागतच नाही, माणसांचंच नेपथ्य.

एक जागा सांगतो. रात्र झालीये, ब्राह्मण एकेक करून निघालेत, सूत्रधार प्रत्येकाला अडवून विचारतो भटजीबुवा कुठं, आणि एकेकजण थापा मारत, टाळत शेवटी बावनखणीत पोचतो, म्हणजे नाचगाण्याच्या वस्तीत. इकडे देवाचं नाव चालू आहे आणि त्याच ठेक्यावर तिकडे लावणी सुरू होते. चंदावरकरांनी तो सांधा असा जुळवलाय की अभंग कुठे संपला आणि लावणी कुठे सुरू झाली ते कानाला कळायच्या आत मान डोलायला लागलेली असते. तुम्ही प्रेक्षक म्हणून त्यात सामील झालेले असता. मग पुढे नाना देवळात एका पोरीच्या मागे लागतो, ती पोर घाशीरामची मुलगी गौरी, ती गणपतीकडे बोट दाखवते की हा बघतोय, आणि नाना त्या मूर्तीचाच दाखला देऊन तिला गप्प करायला बघतो, गणपतीला स्वतःलाच दोन बायका आहेत म्हणून. आणि तो गणपती म्हणजे थोड्या वेळापूर्वी आपल्यासमोर नाचून गेलेला नटच असतो. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेल तरी दोन ओळीत सांगतो. घाशीराम पुण्यात आलेला परका ब्राह्मण, त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार पडतो, अपमान होतो, तो सूड घ्यायची शपथ घेतो. सूड घ्यायला सत्ता पाहिजे, सत्ता नानाकडे आहे आणि नानाला पोरगी पाहिजे. घाशीराम स्वतःची मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. नाना मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळा, की अत्याचार करणार हा, शिव्या खाणार हा, आणि माझं सगळं त्याच्याच खात्यावर जमा. गौरी मरते. घाशीराम आणखी पिसाळतो. शेवटी परगावचे ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, लोक खवळतात आणि नाना एका कागदावर सही करून घाशीरामला जमावाच्या ताब्यात देतो. रांग तीच. आधी घाशीरामला मारणारी, मग त्याला घाबरणारी, शेवटी त्याला ठेचणारी, आणि मग पुन्हा नाचणारी.

इतिहासातला घाशीराम खरा होता. घाशीराम सावळदास, औरंगाबादकडून आलेला, नानांच्या काळात पुण्याचा कोतवाल, आणि १७९१ च्या ऑगस्टमध्ये कोंडून ठेवलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर त्याला दगडांनी ठेचून मारलं हेही खरं. मुलीच्या बदल्यात कोतवाली, हा भाग नाटकाचा. तेंडुलकरांनी स्वतःच स्पष्ट म्हटलं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही, घाशीराम कुठल्याही काळात, कुठल्याही जागी तयार होतात, तयार केले जातात. पण नाटकात नाव नाना फडणवीस आहे, गाव पुणे आहे, आणि प्रयोग होतोय सदाशिव पेठेत. समोर बसलेल्या माणसाला तुम्ही कितीही सांगा की हे तुझ्याबद्दल नाही, त्याला स्टेजवर बारा जण दिसतायत ज्यांचं गंध, ज्यांची गाणी, ज्यांचा देव त्याच्याच घरातला आहे.

विरोध झाला तो दोन मुद्द्यांवर. एक, नानांसारख्या मुत्सद्द्याची बदनामी. दोन, ब्राह्मण समाजाची बदनामी. दोन्ही मुद्दे आज वाचताना आपण पटकन झटकून टाकतो, मला ते बरोबर वाटत नाही. ज्या पिढीनं नाना म्हणजे मराठी राज्य कोसळू न देणारा शेवटचा शहाणा माणूस असं शिकून वाढवलं होतं स्वतःला, त्यांना तो लुडबुडत पोरींच्या मागे जाणारा नाना बघून खरंच दुखलं असणार. दुखणं खोटं नव्हतं. पण माझं मत विचाराल तर लोकांना नाना जेवढा लागला त्यापेक्षा ती रांग जास्त लागली. नाना काय, राजकारणी माणूस, त्याच्यावर टीका ऐकायची सवय असते. रांग म्हणजे आपण. आपण तेव्हा काय करत होतो या प्रश्नाचं उत्तर त्या रांगेत दिसतं, आणि ते बघवत नाही. नाटक नानाला जेवढं सोलतं तेवढंच नाचणाऱ्या, मान डोलवणाऱ्या, वेळ आली की दगड उचलणाऱ्या सभ्य माणसांना सोलतं.

संस्थेनं प्रयोग थांबवायचं ठरवलं आणि पोरांसमोर प्रश्न आला. आता त्यांच्या जागी बसून बघा.

सगळ्यात सोपं म्हणजे ऐकायचं. वडीलधाऱ्यांचा मान ठेवायचा, पुढचं नाटक करायचं. हौशी संस्थांमध्ये नव्वद टक्के वेळा हेच होतं आणि त्यात काही लाज वाटण्यासारखं नाही, कारण संस्था म्हणजे फक्त नाव नसतं, तालमीची जागा असते, कपडेपट असतो, हॉल बुक करताना लागणारी पत असते, बिलं भागवणारा कुणीतरी असतो.

दुसरं, नाटक थोडं बदलायचं. नानाचं नाव काढा, कुठलातरी सरदार करा, पुण्याऐवजी कुठलंतरी गाव करा. ऐकायला हे बरं वाटतं. पण जरा करून बघा. गाणी पुण्याची आहेत, देव पुण्याचे, पर्वतीची दक्षिणा पुण्याची, बावनखणी पुण्याची. नाव काढलं तर खालची वीटच निघते. शिबिरात एका मुलीनं हा प्रयत्न खरंच केला, सगळी नावं बदलून एक प्रवेश वाचला, आणि वाचता वाचता तीच थांबली, म्हणाली सर आता हे कुणाबद्दलच नाहीये. बरोबर बोलली.

तिसरं, नाटक मुंबईच्या एखाद्या व्यावसायिक निर्मात्याला द्यायचं. हा पर्याय लोक विसरतात, पण तो महत्त्वाचा आहे, कारण त्याच वर्षी, १९७२ मध्येच, तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' मुंबईत आलं होतं. कमलाकर सारंगांनी केलं, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. तिथे आडवं आलं ते सरकारी परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे सेन्सॉर, आणि सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ती लढाई एका निर्माता-दिग्दर्शकानं लढली आणि ती तशी लढता येण्यासारखी होती, कारण 'सखाराम' चार-पाच माणसांचं, एका घरातलं नाटक आहे. एक माणूस आजारी पडला, दुसरा उभा केला, अवघड आहे पण करता येतं. घरात बसून संहिता वाचली तरी नाटक बरंचसं कळतं.

'घाशीराम'चं तसं नाही. संहिता वाचून बघा, निम्मं नाटक कागदावर नाहीच. ते चालींमध्ये आहे, पायांमध्ये आहे, बारा माणसांनी एका श्वासात पाठ फिरवण्यात आहे. रांगेतला एकजण अर्धी मात्रा उशिरा वळला तर भिंतीला भगदाड पडतं आणि प्रेक्षकाला दिसतं. अशी रांग दोन-चार नवीन नट आणून पंधरा दिवसांत बसत नाही. व्यावसायिक नाटकात प्रत्येक नटाला प्रयोगाची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, द्यावी लागते, एवढ्या माणसांची नाइट, वादक वेगळे, बाहेरगावचा दौरा निघाला तर दोन गाड्या, कुठला निर्माता हे गणित मांडणार? म्हणजे बाजारात हे नाटक विकलं जाण्यासारखं नव्हतंच. आणि त्यात कुणी स्टारही नाही की ज्याच्या नावावर हाउसफुल्लचा बोर्ड लागेल. नाना मोठा रोल आहे हे खरं, पण रांगेशिवाय नाना एकटा स्टेजवर उभा केला तर तो काय करणार?

मला या केसमध्ये जे सांगायचंय ते हेच आहे. तेंडुलकरांची संहिता थोर आहे, पण त्या वेळी नाटक वाचलं ते तिच्या थोरपणामुळे किंवा एखाद्याच्या धाडसामुळे नाही. ते अशा पद्धतीनं रचलेलं होतं की ते करणारी माणसं एकमेकांपासून सुटीच होऊ शकत नव्हती. एकजण गेला तर नाटक गेलं. ज्याला नाटक हवं त्याला ती सगळी माणसं हवीत. त्यामुळे फूट पडली तेव्हा एखाददुसरा बंडखोर बाहेर पडला असं झालं नाही, दिग्दर्शक, नाना, घाशीराम, गाणारे, वाजवणारे असा अख्खा घोळका एकत्र बाहेर पडला. हे दुसऱ्या एखाद्या नाटकाच्या बाबतीत झालं असतं का? मला शंका आहे. दोन पात्री नाटक असतं तर एक नट संस्थेत राहिला असता, एक बाहेर गेला असता आणि सहा महिन्यांत विषय संपला असता.

२७ मार्च १९७३ ला, जागतिक रंगभूमी दिनाच्या दिवशी, त्यांनी थिएटर अकॅडमी ही संस्था काढली. आणि पुन्हा प्रयोग सुरू झाला तो ११ जानेवारी १९७४ ला. मधला हा काळ बघा. संस्था काढली त्या दिवसापासून मोजले तरी नऊ-साडेनऊ महिने. एवढे दिवस ती रांग टिकवायची म्हणजे काय असतं हे ज्यांनी हौशी ग्रुप चालवलाय त्यांना सांगायला नको. प्रयोग नसताना तालमीला येणं ही जगातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाच्या घरी म्हणतात आता बास झालं ते नाटक. आणि इथे तर घरच्यांच्या, शेजारच्यांच्या भावनाही दुखावलेल्या असणार, कारण रांगेत उभी राहणारी बरीच पोरं पुण्याच्या त्याच पेठांमधली, त्याच घरांमधली. ही बाजू लोक फार बोलत नाहीत पण मला ती फार मोठी वाटते. बाहेरच्यानं येऊन ब्राह्मणांवर नाटक केलं असं नव्हतंच ते, नाटक करणाऱ्यांतले कितीतरी स्वतः त्याच समाजातले होते आणि ते स्वतःच्याच आजोबांचं गंध लावून रांगेत उभे राहत होते.

पुन्हा सुरू झाल्यावर 'घाशीराम' थांबलं नाही, वर्षानुवर्षं चालत राहिलं, रांगेतली माणसं बदलत गेली, नवीन पोरं जुन्यांकडून पावलं शिकत गेली. इतर भाषांमध्येही गेलं. हिंदीत दिल्लीला राजिंदर नाथांनी केलं, ब. व. कारंथांनी केलं. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल, की बघा दुसऱ्यांनीही केलंच की. केलं, पण ज्यांच्याकडे स्वतःचा बांधलेला ग्रुप होता त्यांनी केलं, आणि प्रत्येकाला स्वतःची रांग पहिल्यापासून उभी करावी लागली.

आणि सिनेमा बघा. १९७६ मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हनं, म्हणजे मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप या मंडळींनी 'घाशीराम'वर सिनेमा काढला. पटकथा तेंडुलकरांचीच, नाना आगाशेच, घाशीराम ओम पुरी, त्यांचा हा पहिला सिनेमा. सिनेमा म्हणून त्याचं स्वतःचं वजन आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण ते वेगळंच काहीतरी आहे. लेखक तोच, नाना तोच, गोष्ट तीच असूनही स्टेजवरच्या त्या रांगेनं जे होतं ते पडद्यावर होत नाही, कारण कॅमेऱ्याला भिंत दाखवायला खरी भिंत मिळते.

नवी संस्था फक्त एका नाटकापुरती काढली असती तर ती दोन वर्षांत विझली असती. इथे तसं झालं नाही. 'घाशीराम' पुन्हा उभं राहिलं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच बसवलेलं. मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतो आणि चाळीतली माणसं कोरसासारखी त्याच्याभोवती फिरतात. चंद्रकांत काळ्यांचा भाऊराव आठवून अजूनही लोक बोलतात. आता बघा, कीर्तन, समूह, गाणं, सगळं 'घाशीराम'मधून आलेलं बळ आहे, पण नाटक पूर्ण वेगळं. मी तर म्हणतो ज्यांनी वर्षभर रांगेत उभं राहून गाण्यातून बोलायला शिकलं त्याच माणसांसाठी असं नाटक लिहिता येतं. मग १९७८ ला पु. लं.नी मराठीत आणलेला 'तीन पैशाचा तमाशा', दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल. १९७९ ला आळेकरांचं 'बेगम बर्वे', संगीत नाटकात किरकोळ बायकी भूमिका करून आता उदबत्त्या विकणारा माणूस आणि त्याच्याभोवतीची कारकुनी स्वप्नं. हे माझं सगळ्यात लाडकं नाटक आहे, त्यावर लिहायला बसलो तर वेगळंच प्रकरण होईल म्हणून इथेच सोडतो. पुढे ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर मुलांची नाटकं, नवीन नाटककारांसाठी योजना, हेही याच संस्थेतून.

म्हणजे एकोणीस प्रयोगांनंतरच्या त्या बंदीचा हिशेब मांडायचा तर एका नाटकाचा मांडून चालत नाही.

आता १९८०. युरोपच्या दौऱ्याचं आमंत्रण आलं आणि जुना वाद नव्यानं पेटला, या वेळी पुण्याच्या पेठांपुरता नाही. शिवसेनेसकट काही संघटनांचं म्हणणं होतं की महाराष्ट्राची बदनामी करणारं नाटक परदेशात जाता कामा नये. विधानं, निदर्शनं, कोर्टबाजी, सगळं झालं. शेवटी नाटक गेलं, जर्मनीपासून इंग्लंडपर्यंत प्रयोग झाले, पण तोडगा असा निघाला की प्रयोगाआधी एक निवेदन वाचायचं, नाटकातला नाना म्हणजे इतिहासातला नाना नव्हे अशा अर्थाचं.

या निवेदनावरून शिबिरात दर वेळी भांडण होतं. अर्धी मुलं म्हणतात ही शरणागती आहे. मला तसं वाटत नाही आणि त्याचं कारण तेंडुलकरांच्याच आधीच्या एका नाटकात आहे. १९७० मध्ये 'गिधाडे' डॉ. लागूंनी केलं तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. अख्खं थिएटर त्या डागाकडेच बघत बसलं असणार. निवेदनानं प्रेक्षकाची नजर झाकली जात नाही, उलट तिथेच जाते. 'घाशीराम'च्या बाबतीत तर निवेदनात होतं ते मुळात लेखकाचंही म्हणणं होतं, की हा इतिहास नाही. संहितेतला एक शब्द कापला गेला नाही, एक चाल बदलली नाही, रांग होती तशी उभी राहिली. एवढं हातात असताना दोन मिनिटांचं निवेदन वाचायला मी कधीही तयार होईन. जिथे नाटकच बदला म्हणतात तिथे नाही म्हणायचं, जिथे आधी काहीतरी वाचा म्हणतात तिथे वाचायचं आणि मग तिसरी घंटा द्यायची. १९७३ मध्ये मान्य करण्यासारखं असं मधलं काही समोर नव्हतं, १९८० मध्ये होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी घेतलेले निर्णय मला योग्यच वाटतात.

राहिले भालबा. या केसमध्ये त्यांना खलनायक करून टाकायची लोकांना फार घाई असते आणि मला ते मनापासून खटकतं. प्रमुख म्हणून कुठलं नाटक संस्थेच्या नावावर व्हावं आणि कुठलं होऊ नये हे ठरवायचा अधिकार संस्थेला असतोच. एखाद्या नाटकाशी आपलं मन जुळत नसेल तर आपलं नाव त्यावर नको म्हणणं यात अप्रामाणिक काही नाही. ज्यांनी ही पोरं घडवली त्यांनाच ती जाताना बघावी लागली, ते सोपं गेलं नसणार. पण निर्णयाची किंमत मात्र मोजावी लागली, अख्खी एक पिढी एका वेळी संस्थेबाहेर गेली. कमिटीनं एक नाटक थांबवलं आणि त्यासोबत पुढची दहा वर्षं दुसरीकडे गेली. नाटक थांबवताना ते नाटक कशाचं बनलंय हे बघायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. 'घाशीराम' बाजूला ठेवून बाकीची माणसं तशीच ठेवता येतील असा हिशेब असेल तर तो चुकीचा होता, कारण ती माणसं म्हणजेच ते नाटक होतं.

आज ही केस मुलांना सांगायचं एक साधं कारणही आहे. हौशी ग्रुपमध्ये नाटक बंद पडतं ते बहुतेक वेळा असंच, आतून. कुणी मोर्चा आणत नाही, हॉलवर दगड पडत नाहीत. ग्रुपवर एक मेसेज येतो की सध्या वातावरण बरं नाही, पुढची डेट बघू, आणि ती डेट येत नाही. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपमध्ये हेच झालं, चांगली बसलेली दीड तासाची गोष्ट, मोजके प्रयोग आणि मग शांतता, आणि वर्षभरानं कळलं की चालींचं रेकॉर्डिंग एकाकडे, प्रकाशयोजनेचे कागद दुसऱ्याकडे, परवानगीचं पत्र संस्थेच्या नावावर, आणि लेखकाला कुणी विचारलेलंच नाही. त्यामुळे मी आता तालीम सुरू करायच्या आधीच विचारायला लावतो: प्रयोगाची परवानगी कुणाच्या नावावर आहे, लेखक कुणाशी बोलतो, चाली कुणाकुणाला पाठ आहेत, आणि उद्या या संस्थेचं नाव वापरता आलं नाही तर आपल्यातले किती जण परवाच्या तालमीला येतील. शेवटच्या प्रश्नाला हात वर करून उत्तर द्यायचं असतं, आणि नाटक निवडायचं ते हात मोजून झाल्यावर.